वहीतला ‘पा.’

सीटवालीचं शिलाई मशीन आणि सीटवालीचं तोंड, दोन्ही एकदम बंद आहेत असा क्षण त्या गल्लीने कधी पाहिला नव्हता. मशीन थांबलं की ती बोलायची, आणि चालू असलं की त्याच्यावर आवाज चढवून बोलायची. मोटारसायकलींच्या सीटना कव्हरं शिवायचं तिचं दुकान होतं, घराच्याच पुढच्या खोलीत. लांबच्या सफरीला निघालेली माणसं तिच्याकडून फोम बदलून घ्यायची, आणि महिन्याभराने परत येऊन डोंगरांची वर्णनं ऐकवायची. ती सुईत दोरा ओवता ओवता ऐकायची आणि म्हणायची, “आमचे हे तिथेच असतात. सोमवार ते शनिवार.”

हे म्हणजे तिचा नवरा, तारवाला. टेलिफोन खात्यात लाइनमन. वरच्या डोंगरातल्या गावांच्या तारा त्याच्याकडे होत्या. मोटारसायकलच्या मागच्या सीटवर तारेचं भेंडोळं बांधायचं, सोमवारी पहाटे निघायचं आणि शनिवारी संध्याकाळी चिखलाने माखून परत यायचं, असं तीस वर्षं चाललं. आल्या आल्या ती विचारायची, “काय पाहिलंत मग वर?” आणि तो हात धुता धुता म्हणायचा, “काही नाही.”

आता दर शनिवारचं हे ‘काही नाही’ मोजलं तर दीड हजाराच्या घरात जाईल. एखादी गप्प बसणारी बाई असती तर तिला ते चाललंही असतं. पण जिच्या पोटात तीळ भिजत नाही तिच्या पदरात देवाने हा मुखदुर्बळ टाकला. नुसताच मुखदुर्बळ असता तरी एक वेळ ठीक, पण ती काही दुधखुळी नव्हती. सोमवारी पहाटे शिट्टी वाजवत निघणारा माणूस शनिवारी कसा परततो हे तिला दिसत होतं. वर काहीतरी होतं, आणि ते त्याला घरी वाटून घ्यायचं नव्हतं. दुसरी बाई असती तर झिंज्या तरी उपटता आल्या असत्या. डोंगराशी काय भांडणार? तीस वर्षं त्या मागच्या सीटवर तारेचं भेंडोळं बसलं, ती नाही, हे मात्र ती कधी विसरली नाही.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी तारवाल्याचे डोळे गेले कामातून. एकदम नाही. नजर कडेकडेने आत येत गेली, आणि उरलं ते नळीतून बघितल्यासारखं. अक्षर सापडायचं, ओळ सापडायची नाही. चहाचा कप दिसायचा, तो देणारा हात दिसायचा नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, फार तर वर्षभर, मग उजेड आणि अंधार एवढंच कळेल. आणि मोटारसायकलला आजपासून हात लावायचा नाही. तारवाल्याने घरी येऊन किल्ली भिंतीवरच्या खिळ्याला लटकवली आणि दुकानाच्या दारातल्या स्टुलावर जाऊन बसला, डोंगरांच्या दिशेला तोंड करून. स्वच्छ दिवशी तिथून त्यांची निळी रेघ दिसायची. त्याला तीही दिसत होती की नाही कोण जाणे, विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

हिंमत केली ती लेकीने. ती बस डेपोत वेळापत्रकं बनवायची, त्यामुळे तिला कुठलीही अडचण कागदावर रकाने आखल्याशिवाय दिसतच नसे. तिने जाहीर केलं की हिवाळ्याच्या आत बाबांना एकदा वर फिरवून आणायचं. गाडी ती चालवणार, बाबा मागे बसणार. चार दिवस, नऊ गावं. तारवाला स्टुलावरून म्हणाला, “वहीत आहे सगळं.” एवढंच. पण त्या रात्री तो दोन घास जास्त जेवला, आणि सीटवालीच्या नजरेतून ते सुटलं नाही.

तेव्हापासून स्वयंपाकघरातलं टेबल लेकीच्या ताब्यात गेलं. नकाशा, फूटपट्टी, तीन रंगांची पेनं आणि मधोमध तारवाल्याची ग्रीसने काळवंडलेली वही. वहीत गावांना नावं नव्हतीच. ज्या गावात जितके टेलिफोन तितकं ते गाव: अकरा फोनांचं गाव, चार फोनांचं गाव, आणि सगळ्यांत वर, जिथे रस्ता संपतो तिथे, एका फोनचं गाव. मधलं सगळं खांबांच्या आकड्यांत. खां. म्हणजे खांब. जो. म्हणजे तारेचा जोड. आणि अधूनमधून पा.

पा. म्हणजे पाणी, हे लेकीला विचारायचीही गरज वाटली नाही. घाटात चढणाऱ्या माणसाला दुसरं काय लागतं? वहीत असे तेवीस पा. निघाले. तिने प्रत्येकाला निळा टिपका दिला आणि दहा मिनिटं धरली. एके ठिकाणी लिहिलं होतं, ‘खां. ११२. पा. ८ च्या आत.’ तिथला नळ सकाळी आठलाच जातो, हे उघड होतं. दुसरीकडे ‘पाऊस गेल्यावर पा.’ तिथे झरा असणार. एकीकडे ‘पा. बसून.’ त्यावर ती जराशी अडखळली, पण मग म्हणाली, तोटी खाली असेल.

सीटवाली पलीकडच्या खोलीत नवऱ्यासाठी मागची सीट शिवत होती. रुंद, पाठीला टेकू असलेली, दोन्ही बाजूंना धरायला पट्टे. शिवत होती आणि धुमसत होती. म्हणजे शेवटची नजर आहे, तीही त्या डोंगरालाच द्यायची. आणि आपण काय करायचं? पट्टे शिवायचे! हे ती मोठ्याने बोलत नव्हती असं नाही, फक्त मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जात नव्हतं. लेक तिकडून एकेक टिपका वाचून दाखवत होती, आणि वाचता वाचता तिने वाचलं, “खांब दोनशे सहा. वळून पा.”

मशीन थांबलं.

“वळून पाणी?” सीटवाली म्हणाली. “अगं, बसून पाणी समजलं. वळून पाणी कोण पितं?”

लेकीने पुढचं पान उलटलं तर तिथे होतं, ‘धुकं. पा. नाही. उद्या परत येणे.’ पाण्यासाठी कोण उद्या परत येतं? सीटवाली कात्री हातात तशीच घेऊन दारात गेली आणि नवऱ्याला म्हणाली, “अहो, हे पा. पा. काय लिहून ठेवलंय?”

तारवाल्याने स्टुलावरच मान खाली घातली. बायकोने खिशात चिठ्ठी पकडल्यावर माणूस जसा चेहरा करतो तसा त्याचा झाला.

“पाहा,” तो म्हणाला.

“काय पाहा?”

“तेच ते. पाहा. थांबून पाहा.”

मग लेकीने त्याला हाताला धरून टेबलाशी आणलं आणि एकेक टिपका वाचत गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तारवाला बोलला. खांब एकशे बाराला सकाळी लवकर पोचलं की ढग पायाखाली असतात, म्हणाला. सगळी दरी भरलेली असते, काठोकाठ. आठ वाजता ऊन आलं की ती ओसरायला लागते, आणि आधी एक छप्पर वर येतं, मग दुसरं, मग धूर, मग अख्खं गाव. ‘बसून’ कशासाठी? तर तिथे समोरचा कडा असा सरळ उभा आहे की टोक बघायला मान मागे टाकत गेलं तर माणूस पाठीवर पडतो. तो पडलाय, दोनदा. पाऊस गेल्यावर एका वळणावरून धबधबे मोजता येतात. त्याने एकतीसपर्यंत मोजले आणि सोडून दिले, कारण मोजताना बघायचं राहत होतं. आणि दोनशे सहाला वळून बघायचं, कारण तिथून आपण चढून आलो तो सगळा रस्ता दिसतो, आणि विश्वासच बसत नाही की एवढ्याशा गाडीवर, एवढेसे आपण, हे चढून आलो.

तो बोलत होता आणि त्या नळीएवढ्या नजरेने भिंतीकडे बघत होता, जणू सगळं तिथेच लावून ठेवलंय. लेकीचं पेन उघडंच राहिलं. सीटवालीच्या अंगावर काटा आला. याच घरात, याच पाटावर जेवून उठणाऱ्या माणसाच्या आत एवढं होतं, आणि आपण त्याला दगड समजत होतो. पण ती सीटवाली होती, एवढ्याने गप्प बसती तर काय.

“पण पाहा का?” ती म्हणाली. “तुम्ही बघितलंत, तर ‘पाहिलं’ लिहायचं. पाहा म्हणजे दुसऱ्या कुणीतरी. कुणाला सांगत होतात?”

तारवाल्याने वहीच्या कडेवरून बोट फिरवलं.

“लग्नाच्या वर्षी तू म्हणाली होतीस, एकदा मला वर न्या,” तो म्हणाला. “म्हटलं, नेईन तेव्हा काही विसरायला नको.”

मग लेक झाली, मग दुकान झालं, मग त्याच्या आईचं दुखणं निघालं, आणि ते राहून गेलं. सीटवालीला तर आपण तसं म्हणालो होतो हे आठवतही नव्हतं. तिने कात्री टेबलावर ठेवली आणि पदराने चष्मा पुसला, मग नाकही पुसलं. मशीन बंद होतं आणि ती बोलत नव्हती. गल्लीतल्या कुणाला कळलं असतं तर बघायला गर्दी झाली असती.

लेकीने आपल्या आखीव कागदाकडे पाहिलं आणि उभी रेघ मारून तो रद्द केला.

“आई, गाडी तू चालव,” ती म्हणाली. “मी दुकान बघते.”

सीटवालीला गाडी येत नव्हती असं नाही. सीट शिवून झाली की गाडी स्वतः एक चक्कर मारून बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायची नाही, हा तिचा शिरस्ता होता. तीस वर्षांत तिच्या बुडाखालून हजारो मोटारसायकली गेल्या होत्या. पण चक्कर म्हणजे गल्लीचं तोंड, पाण्याची टाकी आणि परत. त्यात तिसऱ्या गिअरच्या पुढे जायची वेळच यायची नाही. चौथा गिअर नावाची वस्तू सगळ्या गाड्यांना असते हे तिने फक्त ऐकलं होतं.

मग महिनाभर गल्लीला फुकट करमणूक झाली. रोज सकाळी सीटवाली डेपोमागच्या चढावर गाडी घालायची, आणि मागे टेकू लावून बसलेला तारवाला न बघताच सांगायचा, आता गिअर खाली, आता क्लच, आता सोड. गाडीच्या आवाजावरून त्याला सगळं कळायचं. तिसऱ्या आठवड्यात मोकळ्या रस्त्यावर तिने पहिल्यांदा चौथा टाकला. गाडीचा आवाज एकदम मऊ झाला, वारा तोंडावर आला आणि ती “अगं बाई” एवढंच म्हणाली. मागून तारवाला शिट्टी वाजवायला लागला. तीच सोमवार पहाटेची शिट्टी. तिला वाटलं होतं तसं ते घरातून सुटल्याचं सुख नव्हतं, चौथ्या गिअरचं होतं, आणि एवढी साधी गोष्ट कळायला तिला म्हातारपण यावं लागलं.

लेकीने नवा कागद आखला. गावं तीच नऊ, खांब तेच. तेवीस टिपक्यांपुढे वेळेचा रकाना होता. किती धरू, तिने बापाला विचारलं. धरू नकोस, तो म्हणाला. वेळापत्रकवालीच्या हाताने आयुष्यात पहिल्यांदा रकाना कोरा सोडला, आणि चार दिवसांचे सात झाले.

निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, अकरा फोनांच्या गावात मुक्काम करून, दोघं सकाळी साडेसातला खांब एकशे बाराशी पोचली. खांब होता, तारा कधीच काढून नेल्या होत्या. सीटवालीने गाडी स्टँडला लावली, नवऱ्याला हाताला धरून उतरवलं आणि वाटभर चाललेलं तिचं बोलणं तसंच पुढे चालू ठेवलं, की सीटचा डावा पट्टा अर्धा इंच लांब झालाय.

“पाहा,” तारवाला म्हणाला.

ती वळली. दरी नव्हतीच. पायाच्या अंगठ्यापासून समोरच्या डोंगरापर्यंत सगळं पांढरं, भरलेलं, आणि त्यावर त्यांची दोघांची सावली पडलेली, लांबच लांब. मग ऊन दरीत आत शिरलं आणि तो पांढरेपणा हलला. एक छप्पर वर आलं. तांबडं, ओलं. मग दुसरं. कुठूनसा कुत्रा भुंकला, पण कुत्रा अजून वर यायचा होता. मग एक धुराची रेघ, मग एक झाड, मग एक बाई अंगणात उभी, एवढीशी, आपण ढगातून बाहेर आलोय हे तिच्या गावीही नव्हतं.

तारवाल्याच्या नळीत त्यातलं एक बटणाएवढं पांढरं आलं असेल, फार तर एक छप्पर. तो मान इकडून तिकडे फिरवून शोधत होता. मग त्याने शोधणं सोडलं आणि बायकोकडे कान केला. तिच्यासारखी बोलणारी बाई सोबत होती, त्याला आणखी काय हवं होतं?

“काय दिसतंय?” त्याने विचारलं.

सीटवालीने तोंड उघडलं. तीस वर्षांत तिला शब्द कमी पडला नव्हता, गिऱ्हाइकाला नाही, शेजारणीला नाही, डॉक्टरांना नाही. तिने एक शब्द उचलला, तो फार लहान होता. दुसरा उचलला, तो दुसऱ्या कशासाठी तरी होता. तिचे डोळे भरून वाहायला लागले आणि खाली गाव वर येतच होतं.

“काही नाही,” ती म्हणाली.

तारवाल्याने मान हलवली.

“हां,” तो म्हणाला. “मीही तेच सांगत होतो.”

तिने त्याचा हात धरला, आणि दोघं खांबाला टेकून तिथेच बसली.