मार्क्याचा उंदीर

धनकुंवरबाईंना गर्व नव्हता असं कुणी म्हटलं असतं, तर धरणगावची अख्खी बाजारगल्ली तोंडाला पदर लावून हसली असती. गर्व होता, चांगला भरघोस होता, आणि तो दागिन्यांचा नव्हता की लेकरांचा नव्हता. तो उंदरांचा होता.

नवरा हस्तीमल शेठ. पुढच्या ओसरीत भुसार मालाचं दुकान, मधे धान्याची कोठी, मागे घर. अशा घरात उंदीर येणारच. थंडी पडली, शेतं मोकळी झाली की ते गावात शिरत, आणि गल्लीत एकच धुमाकूळ सुरू होई. कुणी चाप लावी, कुणी सरकारी औषध कणकेत मळून कोपऱ्यात ठेवी, आणि सकाळी मेलेले उंदीर शेपटीला धरून उकिरड्यावर नेई. धनकुंवरबाई ते पाहून तोंड फिरवत. फिरवता फिरवता दोन शब्द ऐकवायलाही विसरत नसत.

त्यांच्या जैनाघरी आजवर एकही उंदीर मेला नव्हता. त्यांच्याकडे जाळीचा पिंजरा होता. त्यात तेल लावलेला भाकरीचा तुकडा अडकवायचा, सकाळी सापडलेला उंदीर हिलाल हमालाच्या हाती द्यायचा, आणि हिलालनं तो नाल्याच्या पल्याड सोडून यायचं. सोबत मूठभर बाजरीही द्यायची. पाहुणा उपाशी जाऊ नये, असं धनकुंवरबाई म्हणत.

त्या हिवाळ्यात मात्र पिंजरा रोजच भरू लागला. हस्तीमल शेठ दातण करता करता म्हणाले की उंदीर एकच असावा, बाजरी संपली की परत येत असेल. बोलणं थट्टेचं होतं, पण बाईंच्या वर्मी लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी हिलालला दुकानातला लाल रंग आणायला लावला. पोत्यांवर दुकानाचा मार्का मारायचा तोच रंग. पिंजऱ्याच्या जाळीतून कुंचला घालून त्यांनी उंदराच्या पाठीवर एक ठसठशीत ठिपका दिला आणि मग त्याची रवानगी केली. पुढे आला त्यालाही तसाच, त्याच्या मागच्यालाही तसाच. पिंजऱ्यात नवे उंदीर येत राहिले, पण लाल पाठीचा एकही परत आला नाही.

मग काय विचारता. अंगणात डाळ निवडायला गल्लीतल्या बाया जमत, त्यांना हे रोज नव्यानं ऐकावं लागे. मारल्यावाचून उंदीर जात नाहीत म्हणता ना, मग आमचे कसे गेले? दया केली की मुकं जनावरसुद्धा समजून वागतं, असं बाई म्हणत, आणि बाया डाळीतले खडे बाजूला काढत माना डोलवत. शेठाणीच्या घरचा चहा चांगला असे. नाल्याच्या पल्याड काय आहे, हे त्यांच्यापैकी कुणी विचारलं नाही. धनकुंवरबाईंनीही कधी विचारलं नव्हतं.

नाल्याच्या पल्याड सुंदरबाई पाटलिणीचा मळा होता.

सुंदरबाई गेली कित्येक वर्षं शेठाणीकडे दुधाचा रतीब घालत होती. दोघींचं गूळपीठ असं की एकीच्या बाळंतपणात दुसरीनं डिंकाचे लाडू वळले होते. पौषातल्या एका सकाळी ती आली, दूध मापून दिलं, आणि नेहमीसारखी टेकली नाही. पदराची गाठ सोडून तिनं ओट्यावर शेंगांची टरफलं ओतली. सगळी कुरतडलेली, आतून पोकळ. बऱ्याच टरफलांवर लाल रंग घासला गेला होता.

"शेठानी," ती म्हणाली, "मना घरमा उंदरं शेत, पन त्या मना नहीत. त्यासनी पाठवर तुमना दुकानना मार्का शे."

डाळ निवडणारे हात थांबले. सुंदरबाईनं आवाज न चढवता सगळं सांगितलं. त्यांच्या विहिरीवर यंदाच विजेची मोटर बसली होती. संक्रांत झाली की पहिल्यांदाच उन्हाळी भुईमूग पेरायचा होता. त्यासाठी तिनं एकेक शेंग निवडून बियाणं कणगीत भरून ठेवलं होतं. आता कणगीचं बूड कुरतडलं गेलं होतं आणि लाल पाठीचे पाहुणे दिवसाढवळ्या ये-जा करत होते. नवऱ्यानं, भटू पाटलानं, औषधाची पुडी आणली होती आणि संध्याकाळी तो ती घालणार होता.

"दया तुमनी," ती शेवटी म्हणाली, "नि शेंगा मन्या."

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारे लोक धनकुंवरबाईंनी खूप पाहिले होते. आपणही त्यातलेच, हे त्यांना ओट्यावरची ती टरफलं पाहून कळलं, आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाज चढली. मार्क्याचं नाव ऐकून हस्तीमल शेठ गादीवरून उठून आत आले. दुकानाची अब्रू उंदरांच्या पाठीवरून गावभर फिरते आहे हे कळल्यावर त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली आणि लगेच शेंगांचं पोतं देऊ केलं. सुंदरबाईनं मान हलवली. दुकानातल्या शेंगा दहा गावांच्या, मिसळलेल्या. तिचं बियाणं तिच्या हातानं निवडलेलं होतं, आणि पोतं नेलं तरी खाणारे तेच होते.

धनकुंवरबाई उठल्या. सगळ्या गल्लीसमोर मिरवलेली गोष्ट सगळ्या गल्लीसमोरच निस्तरली पाहिजे, एवढं त्या मानी बाईला कळत होतं.

"भटूभाऊंना सांगा, संक्रांतीपर्यंत औषध घालू नका," त्या म्हणाल्या. "उंदीर आमचे आहेत. आम्ही बाहेर काढू."

"नि नही निंघनात तर?"

"तर ती पुडी मी माझ्या हातानं घालीन. पाप माझं आहे, ते तुमच्या हातून कशाला?"

ज्या बाईनं दिव्यावर झेपावणारं पाखरूसुद्धा पदरानं अलगद बाजूला केलं होतं, तिच्या तोंडचं हे बोलणं होतं. हस्तीमल शेठांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. हिलाल नेहमीप्रमाणे पिंजरा उचलायला आला, तेव्हा बाईंनी त्याला थांबवलं.

"आता पल्याड म्हणायचं नाही, हिलाल. पल्याड कुणाचं घर आहे ते आधी सांगायचं."

दुसऱ्या दिवशी धनकुंवरबाई पायी नाला ओलांडून गेल्या. शेठांच्या घरची बाई डोक्यावर पाटी घेऊन मळ्याकडे निघालेली गावानं पहिल्यांदाच पाहिली, आणि गावानं डोळे भरून पाहिली. पाटीत फुटक्या बांगड्या होत्या. बायका त्यांना फुटक्या म्हणत नाहीत, वाढवलेल्या म्हणतात. कासाराच्या दुकानात त्यांचा ढीग पडलेला असतो, तो त्यांनी मागून आणला होता. चिखलात भुसा आणि त्या काचा कालवून त्यांनी सुंदरबाईच्या घराची भोकं बुजवायला घेतली. जिथं करंगळी शिरते तिथं उंदीर शिरतो, असं म्हणत त्या भिंतीच्या कडेकडेनं करंगळी घालत रांगत फिरल्या. हे सगळं त्यांना माहेरपासून येत होतं. पिंजऱ्याच्या कौतुकात त्याचा विसर पडला होता, इतकंच. घरी पिंजरा होता म्हणून स्वतःच्या घरची भोकंही त्यांनी कधी बुजवली नव्हती.

तेलाचे रिकामे डबे फोडून त्यांचे पत्रे दारांच्या खालच्या कडेला ठोकले. मोरीच्या तोंडाला भोकं पाडलेला पत्रा बसवला. भिंतीला लागून रचलेली कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांची गंजी हिलालनं उचलून लांब नेली, तेव्हा तिच्या खालून उंदरांची फौजच बाहेर पडली आणि मोकळ्या शेतात पसार झाली. शेतातले उंदीर शेतात गेले, त्याबद्दल सुंदरबाईची तक्रार नव्हती. कणगी रिकामी करून, नव्यानं लिंपून, चार दगडी पायांवर चढवली आणि उंदराला वर चढता येऊ नये म्हणून प्रत्येक पायाला पत्र्याची उलटी झालर बांधली. भटू पाटील बिडी ओढत हे सगळं बघे आणि शेठाणीचा किल्ला कुठवर आला असं विचारी.

किल्ला पुरा झाला, आणि संक्रांत दोन दिवसांवर आली असताना कणगीच्या तोंडाशी पुन्हा ताजी टरफलं सापडली. भटूनं काही टोमणा मारला नाही. त्यानं औषधाची पुडी खिशातून काढून समोरच्या कोनाड्यात ठेवली.

"पुडी आठे शे, शेठानी," एवढंच म्हणाला, आणि बैल सोडायला निघून गेला.

धनकुंवरबाई कणगीसमोर बसून राहिल्या. त्यांना भीती वाटली, खरी भीती. भिंती धड होत्या, पत्रे जागच्या जागी होते, झालरी शाबूत होत्या. सुंदरबाई शेजारी येऊन बसली. तिनंही पुडीकडे पाहिलं नाही. मान वर करून जगणाऱ्या धनकुंवरबाईंची नजर आयुष्यात पहिल्यांदाच इतके दिवस जमिनीवर खिळली होती, आणि घोटाळा तिथंच झाला होता. सुस्कारा टाकायला म्हणून त्यांनी डोकं मागे टेकलं आणि नजर वर गेली. कणगीच्या अगदी डोक्यावर आढ्याच्या दोरीला मक्याच्या कणसांच्या जुड्या टांगलेल्या होत्या. कणसांवर लाल रंगाचे पुसट ओघळ होते. पाहुणे आढ्यावरून ह्या कणसांच्या जिन्यानं उतरत होते.

जुड्या त्याच घटकेला खाली आल्या. दोरीच्या मधोमध पत्र्याची ताटली ओवून त्या कणगीपासून लांब टांगल्या गेल्या, आणि आढ्याच्या कोपऱ्यात पिंजरा बसला.

संक्रांतीच्या सकाळी सुंदरबाईनं कणगीचं झाकण काढलं. शेंगा जशाच्या तशा होत्या. तिनं दोन्ही हात आत घालून त्या वरखाली केल्या, पुन्हा केल्या, आणि मग शेठाणीचा हात धरून तोही शेंगांत खुपसला. भटूनं कोनाड्यातली पुडी उचलून खिशात घातली आणि जिथून आणली तिथं परत देऊन येतो म्हणाला. पिंजऱ्यात एक उंदीर होता. पाठीवरचा ठिपका फिका झाला होता, पण दुकान ओळखू येत होतं.

हा शेवटचा धनकुंवरबाईंनी कुणाच्या हाती दिला नाही. गावाच्या उगवतीला खडकाळ टेकडी आहे. तिथं ना घर, ना खळं, नुसती बोरांची झुडपं, आणि ह्या दिवसांत ती पिकलेली असतात. पिंजरा हातात घेऊन त्या निघाल्या, सुंदरबाई मागोमाग. भटूला राहवलं नाही.

"लोक डोंगर पोखरीसन उंदीर काढतस," तो म्हणाला, "शेठानी उंदीर लीसन डोंगरवर चालनी."

त्याच्या बोलण्यात थट्टा होती आणि थट्टेच्या तळाशी मान होता. बाईंना दोन्ही कळलं. त्या मागे वळल्या नाहीत.

टेकडीवर त्यांनी पिंजऱ्याचं दार वर केलं. उंदीर दारात येऊन बसला, हवा हुंगू लागला, जाईना. धनकुंवरबाईंनी सवयीनं कमरेला हात लावला. आज बाजरी आणायची राहिली होती, आणि आणली असती तरी ती टाकायची त्यांना लाज वाटली असती. सुंदरबाईनं मग आपल्या पदराची गाठ सोडली. आत बियाण्याच्या शेंगा होत्या, टपोऱ्या, तिनं स्वतः निवडलेल्या. त्यातल्या मूठभर तिनं बोरीच्या बुंध्याशी टाकल्या.

"हाऊ आते मना बी पाव्हना शे," ती म्हणाली.

धनकुंवरबाईंना रडू आलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. परतताना त्या मळ्याच्या वाटेनं न जाता मुद्दाम बाजारगल्लीतून गेल्या. बाया दारात तिळगूळ घेऊन उभ्या होत्या, हस्तीमल शेठ गादीवरून उठून ओसरीच्या कडेला आले होते. पिंजरा रिकामा होता. सगळ्यांना तो नीट दिसावा म्हणून बाईंनी तो पदराआड घेतला नाही.