उजव्या कानाचा धनी

मी कानाचं मशीन बोलतोय. नवल वाटलं ना? जन्मभर दुसऱ्यांचं बोलणं पोचवणाऱ्यालाही स्वतःचं काही सांगायचं असेल, हे कोणाच्या डोक्यातच येत नाही. आज मात्र मी सांगणार आहे आणि मध्ये कोणी तोंड घातलेलं मला चालणार नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी मत्सरी आहे. ज्याच्या वाट्याला अख्ख्या आयुष्यात एकच कान आला, त्याने मत्सर करायचा नाही तर काय करायचं?

माझा जन्म एका लख्ख उजेडाच्या कारखान्यात झाला. पांढरे डगले घातलेल्या बायकांनी मला भिंगाखाली धरून जोडलं. तिथे माझ्यासारखे ढिगाने होते आणि सगळ्यांच्या मनात एकच, की आपल्याला चांगला कान मिळू दे. मग डबीत बसून मी एका दुकानात आलो आणि तिथे मला आजोबा मिळाले.

आजोबांनी उभी हयात वर्तमानपत्राच्या छापखान्यात मोठ्या मशीनवर काढली होती. जगभरच्या बातम्या त्यांच्या हाताखालून गेल्या आणि जाता जाता त्यांचे कान खाऊन गेल्या. डावा तर पार गेलेला. उजव्यात थोडी धुगधुगी होती, ती दुकानातल्या बाईंनी माझ्या स्वाधीन केली. त्यांच्या कानाचा मऊ साचा घेऊन मला अगदी मापात बसवलं आणि शेजारी बसलेल्या आजीला म्हणाल्या, "आता बोला काहीतरी."

आजी गोंधळली. काय बोलावं सुचेना, तेव्हा रोजचंच म्हणाली, "अहो, ऐकलंत का?"

आजोबा केवढ्याने दचकले! "अगं, ओरडतेस काय अशी!"

आजी हसता हसता डोळे पुसायला लागली. त्या दिवसापासून ते तीन शब्द माझे झाले, असं मी धरून चाललो. सकाळी चहाच्या वेळी, दुपारी कपडे वाळत घालताना, कुलूप नीट लागलं की नाही ते बघताना, दिवसातून कितीदा तरी ती म्हणायची, "अहो, ऐकलंत का?" आणि मी ते जपून त्यांच्या कानात नेऊन ठेवायचो. आजोबा मला 'साहेब' म्हणायचे. सकाळी उठल्या उठल्या, "साहेबांना आण गं," आणि झोपताना मला डबीत ठेवून, "साहेब, आता आराम." एवढा मान कोणाला मिळतो सांगा!

मग ती साथ आली. रस्ते ओस पडले, दुकानांची शटरं खाली आली आणि घरात मात्र बाजार भरला. मुलगा वरून इस्त्रीचा शर्ट आणि खाली अर्धी चड्डी घालून झोपायच्या खोलीत मीटिंगा करायचा. सुनेने कपड्यांच्या इस्त्रीचं टेबल ओढून त्यावर ऑफिस थाटलं. नातीची शाळा जेवणाच्या टेबलावर, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे दिवाणखान्यातला टीव्ही. सगळ्यांचं सगळं बोलणं माझ्या एकट्याच्या माथी.

बातम्या तर विचारू नका. आज किती, काल किती, कुठला आलेख वर गेला, कुठला खाली आला. वर्तमानपत्र घरी येणं बंद झालं होतं, कारण लोक त्याला हात लावायला भीत होते. आजोबांना ते फार लागलं. टीव्हीकडे बघत ते म्हणायचे, "आमच्या वेळी बातमी शाई वाळेपर्यंत तरी दम धरायची. आता ओलीच अंगावर येते." मग हळूच माझं बटण दाबायचे. "साहेब, जरा पडा."

"सोयीचा बहिरेपणा!" आजी म्हणायची. पण तीही टीव्ही बंद करायची आणि त्यांच्याजवळ येऊन बसायची.

इथवर ठीक होतं. मग घरात आला मास्क.

सुनेने तो उशीच्या जुन्या अभ्र्यातून शिवला होता, पिवळ्या फुलांचा, दोन्ही बाजूंना इलॅस्टिक लावलेला. आणि ते इलॅस्टिक अडकवायचं कुठे? माझ्या कानावर! तिथे चष्म्याची काडी आधीपासून होती, पण ती बिचारी सोशिक, आमचं जमलेलं होतं. हा मात्र आला तोच कान पुढे ओढत. मी माप घेऊन, साचा घेऊन बनवलेला, आणि हा कोण, तर उशीचा अभ्रा! कानामागून आला आणि तिखट झाला, अशातली गत. मी संतापून शिट्टी घातली. कोणी मला दाबलं की माझी शिट्टी वाजते, दुसरं शस्त्र माझ्याकडे नाही.

"साहेब चिडले," आजोबा म्हणाले. "हे मुसकं त्यांना पसंत नाही."

पण विचारतो कोण! त्या दिवसापासून आजोबा दाराबाहेर निघाले की सगळे एका सुरात विचारायचे, "मास्क घेतलात का?" साहेब कानात आहेत की नाहीत, हे एकानेही विचारलं नाही.

आणि व्हायचं तेच झालं. एके सकाळी आजोबा खाली फाटकापाशी दूध आणि पाव घ्यायला गेले. वर आल्यावर दारातच त्यांनी घाईघाईने मास्क ओढून काढला. इलॅस्टिकने मला गळ्याला धरून उचललं आणि दिलं भिरकावून. मी पडलो तो नेमका बुटांच्या मांडणीत, मुलाच्या ऑफिसच्या काळ्या बुटात, थेट टोकाशी. मला नाक नाही म्हणून वाचलो.

घरभर शोधाशोध झाली. सोफे हलले, केराची टोपली उलटी झाली, नातीने पलंगाखाली सरपटून बघितलं. पण ऑफिसच्या बुटात कोण बघणार? ते बूट टाळेबंदी लागल्यापासून कोणी पायात घातलेच नव्हते. शेवटी आजोबांचा आवाज आला, "साहेब गेले." दुकान बंद, नवीन मशीन आणायची सोय नाही. खोटं कशाला बोलू, बुटात पडल्या पडल्या मी सुखावलो. म्हटलं, आता कळेल माझी किंमत.

कळलीच. टीव्ही एवढा मोठा झाला की वरच्या मजल्यावरून काठी आपटल्याचा आवाज आला. मुलगा ओरडतोय, सून ओरडतेय, नात दोन्ही हातांचा कर्णा करून "आजोबा, जेवायलाऽऽ!" आणि आजोबा विचारतायत, "कोण आलंय?" मी बुटात पोट धरून हसत होतो.

मग माझ्या एक गोष्ट लक्षात आली आणि हसू पळालं. मधूनच आजोबांचं बोलणं कानावर यायचं, "हो, घेतली गोळी." थोड्या वेळाने, "नको, चहा नको आता." मग, "अगं, लेक करेल फोन, काळजी कशाला करतेस?" उत्तरं येत होती आणि प्रश्न मात्र ऐकूच येत नव्हते. आजी त्यांच्याशी बोलत होती, पण आवाजच काढत नव्हती!

नातीच्याही ते ध्यानात आलं. "आजी, आम्ही एवढं बोंबलतो तरी त्यांना कळत नाही. तुझं बरं कळतं?"

"अगं, छापखान्यात मशीन सुरू झालं की शेजारचा माणूस ऐकू यायचा नाही," आजी म्हणाली. "मी पलीकडच्या टेबलावर कागदाच्या घड्या घालायचे, हे इकडे मशीनवर. आम्ही सगळे ओठांनीच बोलायचो. यांनी मला लग्नाचं विचारलं तेसुद्धा तसंच, मशीन चालू असताना."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आधी शाईचे हात धुवा."

दोघी हसल्या. मी हसलो नाही. एवढी वर्षं मला वाटत होतं की आजीचं बोलणं मी पोचवतो. आणि आजोबा तर तिच्या तोंडाकडे बघत होते! मास्कवर जळण्यात मी उगाच जीव आटवला. माझा खरा वैरी तिचे ओठ होते आणि ते माझ्या कितीतरी आधीपासून तिथे होते. कानामागून आलेला मीच की हो! अंगाचा तिळपापड झाला, पण बुटातून करणार काय?

त्याच आठवड्यात आजीला ताप आला. मागची खोली तिला दिली, दार बंद झालं, आत ती मास्क लावून. आजोबा बाहेर खुर्ची टाकून बसले. मधे ते लाकडी दार, त्यामुळे ओठ दिसत नाहीत, आणि मी बुटात. आत्ता, आत्ता खरी माझी गरज होती! दारापलीकडचा आवाज आणून द्यायला मीच हवा होतो. आजी आतून बोलायची. मला बुटातही पुसटसं ऐकू यायचं, "अहो, ऐकलंत का? जेवलात का?" आणि ज्यांना ऐकू यायला हवं ते नुसते दाराकडे बघत बसलेले.

"काय म्हणतेय ती?" ते सुनेला विचारायचे.

"बरं वाटतंय म्हणतायत, बाबा!" सून ओरडायची.

"तुझं सांगू नकोस. ती काय म्हणाली ते तिच्या शब्दांत सांग."

पण त्या वेळी आत आजी नुसती खोकत असायची. मग आजोबा उठून दाराला कान लावायचे, तोच माझा उजवा कान, रिकामा. मला किती ओरडावंसं वाटलं! पण मला दाबायला तिथे कोणी नव्हतं, मग शिट्टी तरी कशी वाजणार?

एका दुपारी आजीला दम लागला. फोन झाले, रुग्णवाहिका आली. मुलगा धावत दाराशी आला, समोर दिसला तो बूट ओढला आणि पाय आत खुपसला. "आई गं!" करत त्याने बूट झटकला आणि मी फरशीवर पडलो. त्याने मला उचललं. मग धापा टाकत वडिलांच्या मागे जिना उतरला, मला त्यांच्या कानात बसवलं. "बाबा, मशीन सापडलं!"

माझी बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. म्हटलं, काय वाट्टेल ते होवो, आज तिचा शब्द मी पोचवणार. पण रुग्णवाहिकेचं दार बंद झालं होतं. काच लावलेली, आजी काचेपलीकडे, इंजिन घरघरत होतं आणि समोरच्या घरातला टीव्ही आकडे सांगत होता. मी आजोबांना काय दिलं? ती घरघर आणि ते आकडे.

आजीने मास्क खाली ओढला. ओठ हलले. आजोबांनीही मास्क खाली केला आणि तेही बोलले, आवाज न काढता. ती काहीतरी म्हणाली, हे काहीतरी म्हणाले. तिला हसू आलं. मग आतल्या माणसाने तिचा मास्क वर केला आणि गाडी निघाली. मी त्यांच्या कानात बसलो होतो हो, एवढा जवळ! तरी त्यांचं काय बोलणं झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही. असा जळफळाट माझा कधी झाला नव्हता.

पुढचे दिवस वाईट गेले. माझी बॅटरी बदलली, पण ऐकण्यासारखं काही नव्हतं. आजोबा आता बातम्या लागल्या की मला बंद करत नसत. एकेक आकडा बसून ऐकायचे, जणू त्यात ती कुठे आहे ते कळणार होतं. दवाखान्यातल्या नर्सबाई कधीतरी फोनवर आजी दाखवायच्या. तिच्या तोंडावर प्राणवायूची नळी आणि मुखवटा, ओठ झाकलेले. आजोबा फोन माझ्याजवळ आणायचे आणि मी मिळेल ते उचलून द्यायचो. शब्द नव्हतेच, श्वास होता. "चालू आहे," एवढंच ते म्हणायचे आणि मान हलवायचे.

आजी परत आली. वाळलेली, भिंतीचा आधार घेत चालणारी, पण आली. आवाज मात्र दवाखान्यातच राहिला म्हणायचा, इतका बारीक झालाय. तिचं तिलाही ते ठाऊक आहे. म्हणून काही सांगायचं असलं की ती आजोबांच्या समोर येऊन उभी राहते आणि ओठांनी बोलते. ते उत्तर देतात. मी मधे बसून टीव्ही, पंखा आणि नातीचे पाढे ऐकवतो. आता ती त्यांच्या खांद्यावर डोकं टेकते ना, तेव्हा मी दाबला जातो आणि शिट्टी वाजवतो. "साहेब जळतायत," आजोबा म्हणतात. जळतोच!

पण काल एक झालं. आजोबा स्वयंपाकघरात ओट्याशी उभे राहून भांडी घासत होते, नळ चालू होता आणि दाराकडे पाठ होती. आजी मागच्या खोलीतून निघाली. दारापर्यंत आली आणि तिचा तोल गेला. एका हाताने तिने चौकट धरली. समोर जायचं त्राण नव्हतं. सून मीटिंगमध्ये, नात शाळेत, म्हणजे टेबलावरच, कानांत इअरफोनची बोंडं घालून. आजीने होता नव्हता तेवढा आवाज गोळा केला.

"अहो... ऐकलंत का?"

नळाच्या धारेतून, भांड्यांच्या खणखणाटातून तो एवढासा आवाज आला. मी तो असा झेपावून पकडला म्हणून सांगू! नळ बाजूला सारला, टीव्ही बाजूला सारला आणि ते तीन शब्द घेऊन आजोबांच्या कानात शिरलो.

आजोबा गर्रकन वळले. साबणाच्या हातांनी धावले आणि ती खाली बसायच्या आत त्यांनी तिला धरलं.

मग काय, दोघं एकमेकांकडे बघत राहिले. ती ओठांनी काहीतरी म्हणाली, यांनी ओठांनी उत्तर दिलं आणि मला पुन्हा काही कळलं नाही. तिचं डोकं माझ्यावर टेकलं होतं, मी शिट्टी वाजवत होतो आणि कोणी लक्ष देत नव्हतं.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात असं कानाचं मशीन लावणारं कोणी असेल, तर खुशाल समोर बसून बोला, ओठांनी बोला, मी अडवणार कोण? फक्त कधीतरी त्यांच्या पाठीमागून हाक मारा. तेवढी एक जागा आमची आहे.

ओठांवर मी अजूनही जळतो आणि जळत राहणार. पण काल आजोबांना वळवलं कोणी, ते विचारा.