खुराडा कोण लावेल?

अनुसयाबाईला कुठंही बोलवा, तिचं उत्तर ठरलेलं. "येतो वं बाई, पन संध्याकाळी खुराडा कोण लावेल?" लग्न असो, तेरवी असो, प्रतापगडची जत्रा असो, बाईचा पाय काही उंबरठ्याबाहेर पडायचा नाही. चिचगडकडच्या त्या गावात लोक म्हणायचे, यमाचा रेडा दारात आला तरी ही त्याला थांबवेल आणि आधी कोंबड्या कोंडून येईल.

थट्टा खरी होती, पण कारणही खरं होतं. गावाला जंगल लागून. दिवसा घार, रात्री रानमांजर आणि मुंगूस तर घरचाच पाहुणा. एक संध्याकाळ खुराड्याचं दार उघडं राहिलं की सकाळी अंगणात नुसती पिसं. नवरा जाऊन कैक वर्षं झालेली, एकुलती लेक अल्का दवनीवाड्याच्या पलीकडे दिलेली. तीन एसट्या बदलून पोचायचं, म्हणजे सकाळी निघालेलं माणूस दिवस बुडताना लागणार. अल्काच्या बाळंतपणाला ती गेली होती तेव्हा शेजारच्या सुखवंताला खुराडा लावायला सांगितलं होतं. सुखवंता विसरली. टोपीवाली कोंबडी आणि तिची सगळी पिल्लं एका रात्रीत गेली. निरोप मिळाला तशी अनुसयाबाई ओल्या बाळंतिणीला सासूच्या हवाली करून परत आली. नंतर दर सणाला अल्काचा निरोप यायचा, चार दिवस राहाले ये. आणि दर सणाला आईचं तेच उत्तर जायचं.

गावातल्या काही बाया दूर जायच्या असल्या की कोंबडी अर्ध्या वाट्यानं दुसरीला पाळायला देत. पिल्लं झाली की अर्धी हिची, अर्धी तिची. अनुसयाबाईला त्या बायांचा राग यायचा. "पिल्लं त्यायची न् रोगानं मेल्या तं मर आपली," ती म्हणायची. "कोंबडी काय दुसऱ्याच्या हाती देयाची वस्तू होय?"

तिचं सुख मात्र मोठं होतं, तेही सांगायला हवं. पहाटे खुराडा उघडला की लाल मानेचा कोंबडा आधी बाहेर येऊन अंग झाडायचा, मग बाया. तांदळाची कनकी फेकली की अंगणभर टिपटिप सुरू. काळी कोंबडी रोज तिच्या अंथरुणातच अंडं घालायची आणि मग साऱ्या गावाला ओरडून सांगायची. अनुसयाबाई तिला शिव्या द्यायची आणि ऊन अंडं गालाला लावून बघायची. हे वाण तिच्या आईकडून आलेलं. अल्काच्या लग्नात तिनं दोन तलंगा, अंड्यावर येणाऱ्या कोवळ्या कोंबड्या, टोपलीत घालून दिल्या होत्या. त्यांचाच पसारा आता अल्काच्या अंगणात होता. सासू लीलाबाई ओसरीवरच्या घाणीपायी बोटं मोडायची, पण अल्कानं कोंबड्या सोडल्या नाहीत. त्या घरात तिचं म्हणावं असं तेवढंच होतं.

ज्या साली गावात मोबाइल आले आणि टॉवर फक्त शाळेमागच्या टेकाडावर सापडायचा, त्या साली मोहफुलं वेचायच्या दिवसांत मानमोडी, कोंबड्यांची मर, आली. आधी सुखवंताकडे. कोंबड्या पेंगायला लागल्या, हिरवं हगायला लागल्या, माना वाकड्या करून जागच्या जागी गोल फिरायला लागल्या. हिवाळ्यात गुरांच्या दवाखान्याची माणसं लस घेऊन आली होती, तेव्हा अनुसयाबाईनंच दार लावून घेतलं होतं. सुई टोचली की अंडी बंद होतात, हे तिचं मत. आता मत घेऊन काय चाटायचं होतं?

तिच्या अंगणातल्या दोन तलंगा एका दुपारी गेल्या. त्या पुरून ती हात धुवत होती आणि तिथंच तिनं ठरवलं. वाण वाचलं पाहिजे. गावोगाव हेच करतात. रोग आला की चांगल्या चांगल्या कोंबड्या उचलायच्या आणि नात्यागोत्यात नेऊन ठेवायच्या. कोंबडा, काळी आणि आणखी दोघी तिनं टोपलीत घातल्या, वरून जुनं लुगडं बांधलं. मागं उरली एकटी बुटकी. ती म्हातारी कोंबडी चुलीमागं अंड्यांवर बसलेली, हात लावला की चोच मारायची. तिचं काय वाचवायचं, म्हणून तिला घरात कोंडलं.

देवरीच्या गाडीत कंडक्टर म्हणाला, "मावशी, इनका टिकट कौन निकालेगा?"

"अंडं देईन ना बापा, उतरताना घेजो," ती म्हणाली आणि गाडी हसली. कोंबडा मात्र हसण्यातही ओरडला नाही, हे तिच्या ध्यानात आलं नाही.

दिवस बुडता बुडता ती पोचली. अल्का अंगण झाडत होती. तिनं मान वर केली. "आई!" हातातला झाडू टाकून ती फाटकापर्यंत धावतच आली. मग तिची नजर टोपलीवर गेली. चेहरा तोच राहिला, पाय मात्र सावकाश झाले.

"मर आली का गावात?" तिनं विचारलं.

"हो वं. तुह्याकडं राहू दे थोडे दिवस."

अल्कानं टोपली घेतली. सासू त्या रात्री बाहेरगावी होती. नवऱ्याला सांगून दुसऱ्या दिवसासाठी मासोळ्या मागवल्या. पण दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीलाच अनुसयाबाई उठली. बुटकी घरात एकटी होती, तिला पाणी कोण ठेवणार? मासोळ्या कोणी खाल्ल्या, कोण जाणे.

आठवडाभरानं सुखवंता तिला हाताला धरून टेकाडावर घेऊन गेली. तिथं कोणाच्या तरी मोबाइलवर अल्काचा फोन आला होता.

"आई, तुह्या कोंबड्या मेल्या. आधी कोंबडा, मंग काळी."

"अन् तुह्या?"

"माह्या बी गेल्या. एक नाई राहिली."

टेकाडावर ऊन रणरणत होतं. हातानं उचलून, लुगडं बांधून, तीन एसट्या बदलून अनुसयाबाईनंच लेकीच्या दारात मर नेऊन ठेवली होती. कोणी वैरीही एवढी तसदी घेत नाही.

"तुही सासू काय म्हनते?"

"मी सांगतलं, बाजारातून कोंबडा आनला होता, त्याच्यानं झालं. आता कोंबड्या पाळू नको म्हनते."

"माहं नाव काऊन नाई सांगतलं वं?"

"कायले सांगू?" अल्काचा आवाज थकलेला होता, रागाचा नव्हता. तो रागाचा असता तर बरं झालं असतं. मग ती म्हणाली, "आई, आता तं कोंबड्या नाई राहिल्या. आता तं येशील ना राहाले?"

अनुसयाबाईच्या तोंडात तेच उत्तर आलं होतं. त्याच दिवशी सकाळी चुलीमागं चिवचिव झाली होती. बुटकीच्या पंखाखालून सात ओली डोकी बाहेर आली होती. रोगालाही ती म्हातारी नको असावी. आईच्या वाणाचं एवढंच उरलेलं आणि पिल्लांचे हेच दिवस जपण्याचे. नजर हलली की घार. तिनं तोंड उघडलं आणि तिचा तिलाच वीट आला. अल्काचं बाळंतपण, अल्काचे सण, न खाता सोडून आलेल्या मासोळ्या, सगळं त्या एका वाक्याखाली कोंडून ठेवलं होतं. फोनमध्ये लेक वाट पाहत होती.

"येतो," ती म्हणाली. "उद्याच येतो."

खाली आल्यावर तिनं सुखवंताला चुलीमागं नेलं. "तुह्या घरी नेऊ नको, तुह्या खुराड्यात रोग हाय. इथंच येऊन पाह्यजो. अर्धे तुहे."

सुखवंता बघतच राहिली. "अर्ध्या वाट्यानं? अनुसया, तूच तं म्हनत होती..."

"म्हनत होती. आता नाई म्हनत."

"मी विसरली तं?"

"विसरली तं विसरली," अनुसयाबाई म्हणाली आणि पिल्लांसमोर कनकी टाकायला खाली बसली. उठताना तिला गुडघ्यावर हात ठेवावा लागला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती दवनीवाड्याच्या पुढं उतरली तेव्हा गुरं घरी परतत होती. खुराडा लावायची हीच वेळ. गावाकडं सुखवंताला आठवण झाली असेल की नाही, हा विचार साऱ्या वाटेवर तिच्या मानेवर बसून होता आणि अजून उतरला नव्हता. अल्का फाटकात उभी होती. या वेळी ती धावली नाही. तिनं आधी आईच्या हातांकडं पाहिलं. एका हातात कपड्यांची पिशवी होती. दुसरा हात रिकामा होता. तो अल्कानं धरला.

"कई जाशील?" तिनं विचारलं.

"बसू तं दे आधी."

ओसरीवर दोघी बसल्या. लीलाबाईनं चहा आणून ठेवला आणि एवढ्या दिवसांनी विहीणबाईला वाट सापडली म्हणून टोमणाही दिला. अंगणाच्या कोपऱ्यात अल्काचा खुराडा होता, धुऊन वाळवलेला, दार सताड उघडं. अंधार पडायला लागला तशी अनुसयाबाई सवयीनं उठली. मग तिला ते उघडं दार दिसलं आणि ती पुन्हा लेकीजवळ खाली बसली.