परातीतलं लाल पाणी

लॉन्ड्रीच्या आवारात सुई टाकायला जागा नव्हती. मधोमध पिवळ्या पाण्याची परात, तिच्यामागे गादीवर महाराज. परवा नवी यंत्रं येणार होती आणि त्यांच्यावर बाया निम्म्याच लागणार होत्या. कुणाला काढायचं हे आपल्या तोंडाने सांगायला नको, म्हणून मॅनेजरने महाराज आणले होते.

"तोंड खोटं बोलतं, हात नाही!" महाराज गरजले. "यंत्रदेवता जिला नाकारते, तिच्या हाताने पाण्याला रक्त फुटतं!"

धुलाईच्या बाया हौदावरून तशाच उठून आल्या होत्या. पहिलीने हात बुडवला, पाणी लाल. दुसरीला नवं पाणी दिलं, तेही लाल. इस्त्रीवाल्यांचं मात्र एकजात पिवळं.

धाकटी इस्त्रीवर, तिची थोरली जाऊ हौदावर. आपलं पाणी पिवळंच राहिलं तेव्हा धाकटीला हायसं वाटलं, आणि लगेच त्याची लाजही वाटली. थोरली कोपऱ्यात हात पुसत होती.

"माझंच चुकलं गं. त्या यंत्राला शिव्या घातल्या मी."

"मीही घातल्या, जाऊबाई. तुमच्याहून कचकचीत."

"मग तुझं पाणी कसं..."

धाकटीची नजर थोरलीच्या मनगटावर गेली. परातीत न बुडालेल्या त्या भागावर धुण्याचा सोडा सुकून पांढरा पडलेला. खानावळीच्या टेबलक्लॉथवरचा पिवळा डाग सोड्यात लाल होतो, हे दोघींनी रोज पाहिलेलं. कापडावर ती हळद, आणि परातीत दोष?

गप्प बसलं तर आपली नोकरी शाबूत. ती दोन पावलं इस्त्रीकडे गेली. मग वळली, सोड्याच्या हौदात कोपरापर्यंत हात घातले आणि तसेच परातीत बुडवले.

पाणी लालभडक.

"महाराज, मघाशी देवतेने मला ठेवून घेतलं होतं. एवढ्यात काडीमोड?"

हशा पिकला. महाराज पुटपुटले, "देवता कोपली..."

"थांबा, समजूत काढते." थोरली गंजाच्या डागांसाठी ठेवलेली लिंबं घेऊन पुढे आली. परातीत पिळली, पाणी पुन्हा पिवळं. "गेला राग!"

मॅनेजर सरसावला. "बायांनो, शांत व्हा."

"साहेब," थोरली म्हणाली, "आम्हाला काढायचं आधीच ठरलंय ना? मग ते तुमच्या तोंडाने सांगा. म्हणजे आम्हाला आमच्या तोंडाने भांडता येईल."

इस्त्रीवाल्या एकेक करून हौदाच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

यंत्रं परवा येतीलच. त्यांना ना राग, ना लोभ. त्यांच्याआडून बोलतो तो माणूसच. बदलाची भीती वाटणं हा काही गुन्हा नाही. पण त्या भीतीच्या वेळी कुणी आपल्या हातात दैव ठेवलं, तर ते आधी स्वच्छ धुऊन बघावं.