अक्का अडकली

"अक्का अडकली," धाकटा म्हणाला आणि सगळे हसले.

फोनच्या पडद्यावर चार चौकटी होत्या. एकीत धाकटा भाऊ, एकीत मधली बहीण माई, एकीत दुसरा भाऊ पान्या आणि त्याच्या खांद्यावरून डोकावणारी त्याची बायको. चौथीत सगळ्यांची थोरली, अक्का. बोलता बोलता तिचं तोंड अर्धवट उघडं राहिलं होतं, मान जराशी कलली होती आणि नजर कॅमेऱ्याच्या खाली कुठेतरी लागली होती.

"थांबा, हिचा अस्साच फोटो काढून ठेवतो," धाकटा म्हणाला. "जन्मभर मला 'तोंड मिट' म्हणत आली. आता बरी सापडली."

"नको रे, नेट आलं की तुझी सालटी काढेल ती," माई म्हणाली आणि पुन्हा हसायला लागली.

पान्याही हसला. अडकण्याचं त्याला काय नवल? उभा जन्म त्याने लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला होता. लहानपणी पाना हाती लागला की घरातली धड वस्तू खोलून बसायचा, म्हणून अक्कानेच त्याला पान्या हे नाव दिलं होतं. डोक्यावरचे केस गेले, नाव गेलं नाही. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट बंद पडून आतली माणसं रडकुंडीला आली की तो आधी दाराला कान लावून ऐकायचा आणि मग शांतपणे सांगायचा, "अडकलंय, बिघडलेलं नाही. मी इथेच आहे." बायको म्हणायची, तुम्ही झोपेतसुद्धा हेच बरळता.

सगळ्यांनी मिळून एकत्र कॉल करायचा, हे खूळही त्याचंच. आई लवकर गेली आणि तिघांना अक्कानेच वाढवलं. पुढे तिघं तीन दिशांना पांगली आणि अक्का आपल्या दोन खोल्यांत एकटी उरली. फोन करायची, पण एकेकाला. मग माईला सांगितलेलं धाकट्याला कळायचं नाही, धाकट्याला सांगितलेलं पान्याला भलत्याच वळणाने कळायचं, आणि रुसवेफुगवे व्हायचे. पान्याने एकदा ठरवलंच, की आठवड्यातून एकदा सगळ्यांनी एकमेकांची तोंडं बघायची.

"मला तुमची थोबाडं पाठ आहेत," अक्का म्हणाली होती. "ती बघायला यंत्र कशाला हवं?"

पण पान्या हटला नाही. तिच्याकडे जाऊन राहिला आणि शिकवून आला. तरी पहिल्या कॉलला तिने सवयीने फोन कानालाच लावला आणि कॉल संपेपर्यंत सगळ्यांना फक्त अक्काचा कान दिसला. धाकट्याने त्या कानाची ख्यालीखुशाली विचारली, तेव्हा अक्का असं काही बोलली की माईने नातवंडांना खोलीबाहेर घालवलं. मग हळूहळू फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा करायला ती शिकली. आता तर सगळ्यांच्या आधी तीच येऊन बसायची, केस नीट करून, आणि बाकीच्यांना उशीर झाला की फैलावर घ्यायची.

नियमही पान्यानेच घालून दिला होता. "कुणी अडकलं तर घाबरायचं नाही, ओरडायचं नाही, कॉल तोडायचा नाही. थोडं थांबायचं. माणूस आपोआप सुटतं." दर खेपेला कुणीतरी अडकायचं, बाकीचे थांबायचे, आणि अडकलेलं माणूस वाक्याच्या मधूनच पुन्हा बोलायला लागायचं.

म्हणून आजही ते थांबले. धाकट्याने नव्या सोफ्याची गोष्ट काढली. माईने त्याची किंमत विचारली आणि कपाळाला हात लावला. मग बोलणं आपसूक संपलं.

त्या शांततेत पान्याला एक बारीक आवाज ऐकू आला. कुर्र... कुर्र... थांबून पुन्हा कुर्र. आवाज ओळखीचा होता. अक्काच्या खोलीतला पंखा. "पुढच्या खेपेला तेल घालतो," असं तो तिला सांगून आला होता.

नेट गेलं असतं तर आवाजही तुटला असता. त्याने फोन डोळ्यांजवळ नेला. अक्काच्या मागे खिडकी होती, खिडकीला निळा पडदा. पडदा हळूच फुगला आणि परत खाली बसला.

 

"अक्का अडकलेली नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?" माईने विचारलं. हसू अजून तिच्या तोंडावर होतं.

"मागचा पडदा बघ."

माईने बघितलं. तिचं हसू तिथल्या तिथे मावळलं. धाकटा "अक्का, ए अक्का" करत मोठमोठ्याने हाका मारू लागला. अक्काची पापणीही हलली नाही.

"वॉचमनला फोन लाव," पान्या बायकोला म्हणाला. अक्काच्या इमारतीतल्या लिफ्टचं दार खडखडतं, हे वॉचमनला सांगितल्याशिवाय तिथून परत निघणं त्याला जमलं नव्हतं. तेव्हा वॉचमनचा नंबर घेऊन त्याने बायकोच्याही फोनमध्ये घालून ठेवला होता. "जगातल्या सगळ्या लिफ्टांची काळजी तुम्हालाच," असं म्हणून तिने नाक मुरडलं होतं. आता त्याच नंबरावर ती बोलत होती. "शेजारणीकडे किल्ली आहे. धावत जा हो."

धाकटा रडू लागला होता. "ओरडू नका कुणी," पान्या म्हणाला. "तिला ऐकू येत असेल." मग तो फोनच्या पडद्याच्या अगदी जवळ गेला आणि अनोळखी माणसांशी बंद दाराबाहेरून बोलायचा, त्या आवाजात म्हणाला, "अक्का, मी इथेच आहे. माणसं येतायत. आम्ही सगळे इथेच आहोत."

त्याच्या नेहमीच्या वाक्याचा पहिला भाग मात्र तोंडून निघेना.

कडी वाजली. शेजारीण चौकटीत आली, मागून वॉचमन. शेजारणीने अक्काच्या गालाला हात लावला, मनगट धरलं, नाकाशी बोटं धरली. वॉचमनने डब्याला टेकलेल्या फोनकडे बघितलं. त्यातून एवढी माणसं आपल्याकडे बघताहेत हे त्याच्या ध्यानात आलं, तशी त्याने डोक्यावरची टोपी काढली. "साहेब," तो म्हणाला.

डॉक्टर आले. त्यांचा फक्त शर्ट आणि बॅग दिसली. "गेल्या," एवढंच ऐकू आलं. मग अक्काला उचलून पलंगावर नेलं आणि चौकटीत रिकामी खुर्ची राहिली. मागे पडदा फुगत होता, बसत होता. पंखा कुरकुरत होता.

माईचं डोकं टेबलावर होतं. "मी फोटो काढला रे तिचा," धाकटा म्हणाला. "हसत हसत काढला."

"राहू दे," पान्या म्हणाला. "पुसू नकोस." त्याला स्वतःचा नियम आठवत होता. थोडं थांबायचं. आपण थांबलो त्याआधीच ती गेली होती, की थांबलो तेवढ्यात गेली, हे त्याला कळत नव्हतं आणि पुढेही कधी कळणार नव्हतं. 

फोन कसा बंद करायचा, हे शेजारणीला माहीत नव्हतं. लाल बटण कुठलं, ते पान्याने बाकी सगळ्यांना शिकवलं होतं, पण त्याच्यावर बोट ठेवायला कुणीच धजेना. तिघंही खुर्चीकडे बघत बसली. खिडकीतला उजेड उतरत गेला आणि कधीतरी अक्काच्या फोनची बॅटरी संपली.

चौकट गेली. बाकीच्या तीन चौकटी लगेच पसरल्या आणि त्यांनी फोनचा पडदा भरून टाकला. लिफ्ट वर निघून गेली तरी तिची मोकळी जागा खाली तशीच राहते. इथे अक्का नेमकी कुठे होती, तेही ओळखू येईना. तिथे आता माईचा खांदा होता.

बायकोने लाल बटणाकडे बोट नेलं. पान्याने तिचा हात धरला.

"थोडं थांबू या," माई म्हणाली.

तिघंही थांबली.