सव्वाचारचा गजर

श्रुतीचं वजन सहा महिन्यांत आठ किलोनं वाढलं, याचा शोध सगळ्यात आधी खालच्या मजल्यावरच्या धोंडुबाईंना लागला. "पोरगी अंगानं सुटली की गं मोना," असं त्या जिन्यात म्हणाल्या आणि भाजीची पिशवी सावरत निघून गेल्या. राजारामपुरीतल्या त्या इमारतीची लिफ्ट दोन वर्षं बंद आहे. बातम्या मात्र सगळ्या मजल्यांवर वेळेत पोचतात.

त्याच आठवड्यात मोना लेकीला घेऊन वजन उतरवणाऱ्या एका केंद्रात गेली. सोबत सासरे, म्हणजे पिराजी कांबळे. तिथल्या पांढऱ्या कोटातल्या बाईंनी श्रुतीला सत्तावीस प्रश्न विचारले. तूप किती, साखर किती, चपात्या किती, मटण आठवड्यातनं कितीदा, रस्सा तांबडा की पांढरा. सोळा वर्षांची पोर खुर्चीत पेंगत होती. दर उत्तराला तिची आई तिला कोपरानं ढोसत होती. ती झोपते किती, हा प्रश्न कागदावर नव्हता.

शेवटी बाईंनी उपाय लिहून दिला. रात्रीचा भात बंद, आणि रोज पहाटे तासभर चालणं.

आता श्रुतीचा दिवस असा होता. पहाटे पाचला विजयसिंह सरांचा क्लास, मग कॉलेज, मग पुन्हा क्लास, आणि बारा वाजेपर्यंत गृहपाठ. डॉक्टर व्हायचं तर पहाटेचीच तुकडी, असं सरांचं मत होतं. पाचला तिथं असायचं म्हणून ती सव्वाचारला उठायची. त्याच्या आधी तासभर चालायचं म्हणजे…

"सव्वातीन," मोना म्हणाली. "सोमवारपासनं."

पिराजींना राग यायला वेळ लागायचा, कारण तो लांबनं, कबनूरहून यायचा. तिथं एकतीस वर्षं ते यंत्रमागांचे जॉबर होते, बिघडलेला माग जुळवून देणारा माणूस. त्यातली निम्मी वर्षं रातपाळी. आणि श्रुतीला रोज उठवणारं दोन घंट्यांचं घड्याळ त्याच रातपाळीचं होतं. मोबाइलच्या नाजूक सुरावर पोर उठेना, तेव्हा त्यांनीच ते पेटीतनं काढून, तेल घालून, कौतुकानं तिच्या उशाशी ठेवलं होतं. नातीच्या शिक्षणाला आपला हातभार लागला म्हणून महिनाभर खुशीत होते. ते आठवून आता त्यांना स्वतःचाच राग आला, आणि स्वतःचा राग आला की पिराजी दुसऱ्या कुणाला सोडत नसत.

"श्रुते, खरं सांग," त्यांनी विचारलं. "भूक कवा लागती?"

"भूक न्हाईच आबा," ती म्हणाली. "अकराच्या सुमाराला नुसतं काहीतरी खावं वाटतंय. कँटीनमधला वडा खातो, मग दुसरा. पोट भरलेलं असतंय की, पण हात थांबत न्हाई. मग तासाला बसल्या बसल्या झोपतो."

हे पिराजींना कुणी समजावून द्यायची गरज नव्हती. रातपाळीच्या तिसऱ्या दिवशी मागाच्या खात्यातला काटकीसारखा माणूससुद्धा भज्यांच्या गाड्यावर तुटून पडायचा. रात्रभर उभं राहून काम करणाऱ्यांची पोटं सुटायची आणि मालक म्हणायचे, लेको आळशी झालाय.

"अंगाला झोप दिली न्हाई की ते पोटाला मागतंय," पिराजी म्हणाले. "भात कशाला काढताय तिचा?"

"आबा," श्रुतीचा बाप सम्राट म्हणाला, "तुम्ही पोरीच्या शिक्षणाच्या आड यायला लागलाय."

हे लागलं. सम्राट शिकून सरकारी कचेरीत पंख्याखाली बसावा, म्हणून तर ती एकतीस वर्षं गेली होती. पिराजी उठले, श्रुतीच्या उशाजवळचं घड्याळ पिशवीत घातलं. "चल," लेकाला म्हणाले. "सरांस्नीच इचारू. त्यांनी तोंडावर सांगितलं की सव्वातीन बराबर हाय, तर मी स्वतः गजर लावतो."

शनिवारची दुपार होती, दीड वाजला होता. क्लासच्या दारात मोठा फलक होता, 'झोप हा यशाचा शत्रू आहे.' खाली सरांचा हाताची घडी घातलेला फोटो. काउंटरमागं गुंडू नावाचा शिपाई डबा खात होता.

"सर झोपल्यात," तो म्हणाला. "एक ते चार. उठवायचं न्हाई, पावणं."

पिराजींनी फलक पुन्हा एकदा वाचला. आतनं घोरण्याचा आवाज येत होता, चांगला भरदार, माग बिघडल्यासारखा. त्यांनी पिशवीतनं घड्याळ काढलं, शांतपणे किल्ली दिली, गजराचा काटा दीडवर आणला आणि ते काउंटरवर ठेवलं.

दोन्ही घंटा एकदम वाजल्या. गुंडूच्या हातातला घास डब्यात पडला.

सर बाहेर आले तेव्हा गालावर सोफ्याच्या नक्षीचा ठसा होता. "काय चाललंय हे? माझी दुपारची झोप मोडली की दिवसभर डोकं चालत नाही माझं. मग नुसता खात सुटतो. गुंडू, दोन मिसळ सांग."

"दोन कुणाला?" पिराजींनी विचारलं.

"मलाच."

"सर, वय काय आपलं?"

"अठ्ठेचाळीस. का?"

"आमची सोळाची हाय. अजून वाढतीया. आपलं वाढायचं थांबलंय," पिराजींची नजर सरांच्या पोटावर क्षणभर टेकली, "बऱ्याच अंशी. तुम्हाला दिवसाढवळ्या तीन तास झोप, आन् तिला रातभर मिळून चार. धागा सारखा तुटाय लागला तर आम्ही धाग्याला शिव्या देत न्हाई सर, माग बंद करून बघतो."

"पहाटेचं डोकं ताजं असतं, आजोबा," सर म्हणाले. "पाचला जे शिरतं, ते दुपारी शिरत नाही."

"पाचला सर कुठं असत्यात," गुंडू सहज म्हणाला. तो पडलेला घास शोधत होता. "मीच लावतो की व्हिडिओ पडद्यावर. सर आठला येत्यात."

सम्राट आत्तापर्यंत भिंतीवरचं वेळापत्रक वाचण्यात गुंतल्यासारखं करत होता. तो वळला.

"म्हणजे माझी पोरगी सव्वाचारला उठून पडदा बघायला येते?"

"दर्जेदार व्हिडिओ आहे," सर म्हणाले.

"तो घरी पाठवा. संध्याकाळी बघंल," सम्राट म्हणाला. वडिलांकडं न बघताच त्यानं घड्याळ उचलून पिशवीत घातलं. जाताना ते पुन्हा एकदा, उगीचच, वाजलं.

सोमवारी सव्वाचारला घरात काही वाजलं नाही. मोना दोनदा उठली, दोनदा श्रुतीच्या दाराच्या कडीला हात लावला आणि परत फिरली. आदल्या रात्री भात वाढताना पातेलं तिनंच श्रुतीपुढं सरकवलं होतं.

साडेसहाला सम्राटचा मोबाइल थरथरला. क्लासच्या ग्रुपवर निरोप होता. 'पालकांच्या मागणीस्तव विद्यार्थ्यांसाठी खास कार्यशाळा: शांत झोप, सुदृढ शरीर. वेळ पहाटे साडेचार. उपस्थिती सक्तीची.'

सम्राटनं तो वाचून मोबाइल वडिलांच्या हातात दिला. पिराजींनी वाचला. तेवढ्यात मोबाइल पुन्हा थरथरला, तेव्हा त्यांनी तो तांदळाच्या डब्यात खोल दाबला आणि झाकण घट्ट लावलं. मग स्टूल ओढून ते नातीच्या दाराबाहेर बसले. खटका पाडून बंद केलेल्या मागाजवळ जॉबर बसतो तसे, मधेच येऊन कुणी शहाण्यानं तो चालू करू नये म्हणून.