दहा घरं फिरून आलेला दरवाजा

मी दरवाजा बोलतोय. पुढे जे सांगणार आहे त्यातला शब्दन् शब्द खरा आहे. शपथ घ्यायला मला हात नाहीत, म्हणून कडीची शपथ घेतो. मी अस्सल सागाचा. पांढरकवड्याकडच्या जंगलात माझा जन्म झाला आणि मला तोडायला आलेल्या माणसाच्या तीन कुऱ्हाडी मोडल्या.

आता शपथ घेतलीच आहे तर थोडं दुरुस्त करून टाकतो. सागाची माझी मधली एकच फळी. बाकीच्या तीन बाभळीच्या, त्याही शेताच्या बांधावरच्या. जंगल मी पाहिलेलं नाही. कुऱ्हाड एकच होती आणि ती अजून शाबूत आहे. आणि ज्या कडीची शपथ घेतली ती गेल्याच महिन्यात बसवलेली आहे, तिला माझ्या जुन्या आयुष्यातलं काहीएक माहीत नाही. एवढं सोडलं तर बाकी सगळं खरं.

मला घडवलं उकंडा सुतारानं, तीस वर्षांपूर्वी, तुळसाबाईच्या अंगणात. आमची वस्ती ढाणकीपासून फार लांब नाही, पण रस्ता असा आहे की लांब वाटते. उकंडाचा टेपवर विश्वास नव्हता. तो वितीनं मोजायचा, आणि जेवणानंतर त्याची वीत जेवणाआधीपेक्षा लहान व्हायची. त्यामुळे मी चौकटीपेक्षा चार बोटं अरुंद झालो. तुळसाबाईच्या मालकानं, म्हणजे नवऱ्यानं, तक्रार केली तेव्हा उकंडा म्हणाला की लाकूड पावसाळ्यात फुगते, भिंत उन्हाळ्यात आकसते, कधी ना कधी दोघांची गाठ पडेलच. तीस वर्षं झाली. अजून पडायची आहे.

दुसऱ्याच दिवशी घरच्या बकरीनं माझा खालचा कोपरा खाल्ला. बकरी लाकूड खात नाही, असं तुम्ही म्हणाल. बाभळीच्या फळीला डिंकाचा वास राहिला होता आणि ती बकरी जरा नादिष्टच होती. कोपऱ्यात अर्ध्या चंद्रासारखी खाच पडली. ही खाच लक्षात ठेवा. या गोष्टीत माझ्यापेक्षा तिचंच काम मोठं आहे.

तुळसाबाईचा मालक दहा वर्षांपूर्वी गेला. मातीच्या घरात ती आणि मी राहिलो. ती कापूस वेचायला जाताना मला ओढून घ्यायची आणि संध्याकाळी आल्यावर पाठीनं ढकलायची, कारण दोन्ही हातांत काही ना काही असायचंच. माझ्या मधल्या फळीवर तिच्या पाठीच्या उंचीला एक गुळगुळीत जागा झाली आहे. रंग कितीही चढले तरी ती जागा गेली नाही.

मग वस्तीत घरकुलं आली.

ग्रामपंचायतीत यादी लागली आणि सगळ्यांनी मातीच्या भिंती पाडून विटा रचायला सुरुवात केली. तुळसाबाईचं नाव यादीत नव्हतं. पाहणीला माणसं आली त्या दिवशी ती वेचणीला गेली होती, आणि मी बंद. त्यांनी मला दोनदा वाजवलं. मी उघडून सांगायला हवं होतं, पण तेव्हा मला एवढं बोलता येत नव्हतं. नंतर अर्ज केल्यावर तिचं नाव पुरवणी यादीत लागलं, सगळ्यात शेवटी.

पैसे हप्त्याहप्त्यानं येतात. पाया झाला की एक, भिंती झाल्या की एक, आणि शेवटचा घर पुरं झाल्यावर. घर पुरं म्हणजे दारं-खिडक्यांसकट. इंजिनीअर मॅडम येतात, घरासमोर मालकाला उभं करतात आणि मोबाइलवर फोटो काढतात. त्या फोटोत जागेचा पत्ताही आपोआप उमटतो. त्याला जिओ टॅग म्हणतात. आमच्याकडे त्याला ‘टॅगा करणं’ म्हणतात.

सगळ्यात आधी पुरं होत आलं ते डोमाजीचं घर. डोमाजी म्हणजे तुळसाबाईच्या मालकाचा जिवाभावाचा दोस्त. बोलायला वाघ, आणि हापिसातला माणूस दिसला की मांजर. एका सकाळी तो येऊन माझ्या उंबऱ्यावर बसला.

“वहिनी, शेवटचा हप्ता आल्याबिगर दरवाजा घेता येत नाही,” तो म्हणाला, “अन् दरवाजा लावल्याबिगर शेवटचा हप्ता येत नाही. आता मी करू काय?”

तुळसाबाई भाकर थापत होती. मान वर न करता म्हणाली, “मंग माया दरवाजा ने एका दिवसाकरता. तोंड पाडून कायले बसून राह्यला?”

तो एक दिवस आठ दिवसांचा झाला, कारण मॅडमकडे पंधरा गावं होती. आठ दिवस तुळसाबाईच्या घरात कोंबड्या, दोन कुत्री आणि शेजारच्या लीलाबाईचं वासरू ये-जा करत होतं. तिनं चौकटीला जुनं लुगडं बांधलं आणि झोपली.

डोमाजीनं मला निळा रंग दिला. मॅडम आल्या. प्रियंका मॅडम, पोरगेल्याच, कंत्राटी नोकरी, स्कूटीवर धूळ. फोटो काढताना त्यांनी सहज विचारलं, “काका, दरवाजा तुमचाच ना?”

“मायाच,” डोमाजी म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तर डोमाजी कसला. त्यानं मी सासऱ्याकडून आलो, असंही सांगून टाकलं.

हप्ता आला. डोमाजीनं ढाणकीहून लोखंडी दरवाजा आणला आणि मला परत करायला निघाला. वाटेत सुनीलचं घर लागलं. सुनीलची चौकट रिकामी होती.

इथून माझं भटकं आयुष्य सुरू झालं. सुनीलच्या बायकोनं मला गुलाबी केलं. त्याची चौकट लहान होती म्हणून वरून दोन बोटं रंधा मारला. लीलाबाईची चौकट मोठी होती, म्हणून तीच दोन बोटं पट्टी ठोकून परत जोडली. तिनं मला हिरवं केलं आणि वर दोन पोपट काढले. ते पोपट बदकांसारखे दिसायचे, पण मला त्यांचा लळा लागला होता. माझी जुनी कडी सहाव्या घरी जाताना बैलगाडीतून कुठेतरी पडली. दर घरी मॅडम विचारायच्या, “दरवाजा तुमचाच ना?” आणि दर घरून एकच उत्तर यायचं, “मायाच.” सुनीलनं मला महागावात बनवून घेतलं होतं. लीलाबाईला मी भाऊबिजेत मिळालो होतो. तीन वर्षांत मला माझे इतके बाप कळले की उकंडाला कळलं असतं तर त्यानं रंधा टाकून दिला असता.

पण एक सांगतो. ज्याचा हप्ता आला त्यानं दरवाजा घेतला. एकानंही ते पैसे दुसरीकडे घातले नाहीत. सुनीलच्या नव्या दरवाज्याला तर बारीक काच आहे. तिच्यातून पाहिलं की बाहेर कोण आलंय ते कळतं. बहुतेक वेळा म्हैस असते.

दहा घरं झाली. अकरावं तुळसाबाईचं.

तोवर तिचं मातीचं घर पाडून झालं होतं. विटांच्या भिंती उभ्या राहिल्या, स्लॅब पडला. ती शेजारी प्लॅस्टिकच्या पालात राहत होती, एक पावसाळा आणि एक हिवाळा. शेवटच्या हप्त्यातून तिला मिस्तरीची मजुरी चुकती करायची होती आणि मोरी बांधायची होती, अंघोळीला आडोसा म्हणून. मी घरी आलो तेव्हा तिनं मला अंगणात आडवं टाकलं आणि काचेच्या तुकड्यानं दोन दिवस खरवडलं. आपला दरवाजा आपल्यासारखा दिसावा एवढीच तिची इच्छा. पण रंग अर्धेच निघाले. इथे निळा, तिथे गुलाबी, वर एका पोपटाची शेपटी.

मार्च संपायला आठ दिवस होते. पुरं नसलेल्या घराचा पैसा परत जाणार, असं ग्रामपंचायतीत सांगितलं होतं. मॅडम आल्या. टॅगा पाहायला सगळी वस्ती जमली, कारण आमच्याकडे फोटो निघतो तेव्हा कोणी घरात बसत नाही.

मॅडमनी मोबाइल वर धरला आणि खाली घेतला. जवळ आल्या. निळ्यावर बोट ठेवलं, गुलाबीवर ठेवलं. मग वाकून ती बकरीनं खाल्लेली खाच पाहिली. अंगणातल्या उपड्या बादलीवर बसल्या आणि मोबाइलमधले जुने फोटो एकेक मोठे करून पाहू लागल्या. डोमाजीचं घर, खाच. सुनीलचं घर, खाच. लीलाबाईचं घर, खाच.

“आजी,” त्या म्हणाल्या, “दरवाजा कोणाचा आहे?”

“मायाच होय,” तुळसाबाई म्हणाली.

“हे मी दहा वेळा ऐकलंय, आजी.”

तीन वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी खरं बोललं होतं, आणि नेमकं तेच खोटं वाटत होतं. तुळसाबाईला सांगता आलं असतं. एकेकाकडे बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. पण बोट दाखवलं की त्या घरचा हप्ता वसूल होईल, ही भीती सगळ्यांच्या मनात होती. ती पदरानं माझ्यावरची काचेची भुकटी पुसत राहिली. बाकीचे दहा जण आपापल्या पायांकडे पाहत होते.

मॅडमचा आवाज चढला नाही. त्यांची नोकरीही त्या दहा फोटोंवरच उभी होती. वहीत ‘अपूर्ण’ लिहायला त्यांनी पेन काढलं.

तेवढ्यात डोमाजी उठून चालायला लागला. तुळसाबाईनं त्याला जाताना पाहिलं, आणि तिचा हात माझ्यावर थांबला.

पाच मिनिटांनी गल्लीच्या टोकाला काहीतरी खणखणलं. डोमाजी परत येत होता, पाठीवर त्याचा लोखंडी दरवाजा घेऊन, वाकून, धापा टाकत. तो त्यानं अंगणात उभा केला.

“मॅडम, हा माया दरवाजा,” तो म्हणाला. “तो वहिनीचा होय. मी खोटं बोललतो.”

मग सुनील गेला आणि डोक्यावर दरवाजा घेऊन आला, काचेतून रस्ता बघत. लीलाबाईचा दोन झडपांचा, म्हणून एक तिनं आणली आणि एक तिच्या सुनेनं. बघता बघता गल्लीतून दहा दरवाजे चालत आले. मधे एक बैल बिथरला. तुळसाबाईच्या अंगणात दहा दरवाजे ओळीनं उभे राहिले, आणि वस्तीतली दहा घरं सताड उघडी.

मॅडमनी पेन ठेवलं. म्हणाल्या, जुने फोटो चुकीचे आहेत, ते मी वर कळवते. आज दहाही घरांचे नवे काढते, ज्याच्या त्याच्या दरवाज्यासकट. बोलणी बसली तर तुम्हालाही बसतील आणि मलाही. मग तुळसाबाईकडे वळल्या.

“आजी, उभ्या राहा. हसा थोडं.”

“हसू कायले? मोरी तं बांधू दे आधी,” तुळसाबाई म्हणाली. पण फोटोत ती हसलेली आहे.

बोलणी बसली. मॅडमना दोन वेळा कार्यालयात उभं राहावं लागलं. पण दहाही दरवाजे जागेवर आहेत हे नव्या फोटोंत दिसत होतं, म्हणून वसुली झाली नाही, आणि तुळसाबाईचा हप्ता आला. मिस्तरीचे पैसे गेले, मोरी झाली, आणि उरल्यातून मला ही नवी कडी मिळाली. डोमाजी म्हणाला, कडी कायले, हा दरवाजा तर सगळ्या वस्तीनं उघडून पाह्यला. तुळसाबाईनं त्याला त्या दिवशी बिनसाखरेचा चहा दिला.

आता मी पक्क्या भिंतीत आहे. चौकट जुनीच बसवली, तिच्यात अजून चार बोटं फट आहे, तिच्यातून सकाळचं ऊन आत येतं. उरलेला रंग काढायचा नाही असं तुळसाबाईनं ठरवलं आहे. ती अजूनही मला पाठीनंच ढकलते. तुम्ही आमच्याकडे आलात तर वाजवू नका, हाक मारा. मागच्या वेळी नुसतं वाजवून माणसं निघून गेली आणि एक घर तीन वर्षं मागे पडलं. आणि एखाद्याच्या चौकटीत दरवाजा नसेल तर मला मागून न्या. एका दिवसाच्या बोलीवर. फक्त कोणी विचारलं तर मी तुमचा आहे असं सांगू नका.

आता मी तुम्हाला मधेच सांगितलेलं एक खोटं. ते मनात ठेवून मला नीट बंदही होता येत नाही.

दहा दरवाजे आले नाहीत. एकही आला नाही. तसे एका अंगणात उभे करून फोटो काढले असते तर त्या मोबाइललाही पटलं नसतं. त्याला जागा कळते. मॅडम उन्हात दहाही घरी पायी गेल्या आणि तिथे फोटो काढले. बैलही बिथरला नाही, बैल त्या दिवशी शेतात होता. आणि डोमाजी उठून कुठे गेला नव्हता. तो जागेवरच उभा होता, चपलेनं माती उकरत, आणि तिथूनच म्हणाला, “दरवाजा वहिनीचा होय. मी खोटं बोललतो.” मग सुनील म्हणाला, “मीबी.” मग लीलाबाई. असं एकेक करत दहाही जण, रिकाम्या हातांनी.

एवढंच झालं होतं. पण डोमाजीला ते वाक्य किती जड गेलं ते मी समोरून पाहिलं आहे. नुसतं सांगून तुम्हाला त्याचं वजन कळलं नसतं, म्हणून मी त्याच्या पाठीवर दरवाजा दिला.